ईएसजीवर बोलायचंय? आधी ती तीन अक्षरं खिशात ठेवा

सहा वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर एक फाइल येऊन पडली. त्याआधी अकरा वर्षं मी खरेदी विभागात काढली होती. व्हेंडरशी घासाघीस, अडकलेली बिलं, गेटवर खोळंबलेला ट्रक, हे माझं जग. फाइलवर लिहिलं होतं ‘ईएसजी’, म्हणजे पर्यावरण (एन्व्हायर्नमेंट), समाज (सोशल) आणि कारभार (गव्हर्नन्स) या तीन बाबतींत कंपनी कशी वागते त्याचा हिशेब. साहेब म्हणाले, "तुमचं सगळ्यांशी जमतं, तुम्हीच बघा." जमतं म्हणजे काय, तर भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी मी परत बोलायला जाते, एवढंच.

पहिल्याच मीटिंगमध्ये तोंडावर आपटले. बेचाळीस स्लाइड्स केल्या होत्या, आणि शेवटच्या स्लाइडवर मोठ्या अक्षरांत प्रश्न: ‘आपण पर्यावरणाबाबत खरंच गंभीर आहोत का?’ प्रॉडक्शनचे प्रमुख घड्याळाकडे बघत म्हणाले, "मॅडम, मग आम्ही इथे काय नद्या नासवायला बसलोय?" हशा पिकला आणि मीटिंग संपली. पुढचे तीन महिने त्या विभागाकडून विजेचे आकडे मागताना मला घाम फुटायचा. चूक माझीच होती. तो प्रश्न नव्हताच, प्रश्नचिन्ह लावलेला आरोप होता.

तेव्हापासून बरंच बोलले, बरंच चुकले. त्यातून जे हाती लागलं ते इथे लिहिते. तुमच्या पदनामात ‘सस्टेनेबिलिटी’ असायची गरज नाही. स्टोअरमधल्या, अकाउंट्समधल्या, शिफ्ट सुपरवायझरच्या खुर्चीतूनही हे बोलता येतं. उलट तिथूनच जास्त चांगलं बोलता येतं, कारण अशा माणसावर ‘तुमचं कामच आहे हे’ असा शिक्का बसलेला नसतो.

अक्षरांवरून वस्तूवर या

ईएसजी हा शब्द गुंतवणूकदारांच्या दुनियेतून आला. २००४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या ‘ग्लोबल कॉम्पॅक्ट’ या कंपन्यांसाठीच्या उपक्रमाच्या पुढाकाराने काही वित्तसंस्थांनी मिळून एक अहवाल काढला आणि तिथून पर्यावरण, समाज आणि कारभार हे तीन विषय एका दावणीला बांधले गेले. बाहेर बसून कंपनी जोखणाऱ्याला ते सोयीचं आहे. आत काम करणाऱ्याला नाही. बॉयलर सांभाळणारा, हजेरी बघणारी आणि व्हेंडर मंजूर करणारा हे तिघं कधी एका खोलीतही बसत नाहीत. तिघांना एकाच शब्दाने हाक मारली की कोणीच ‘ओ’ देत नाही.

म्हणून माझा पहिला नियम: वाक्यात एक जागा, एक वेळ आणि एक वस्तू असल्याशिवाय तोंड उघडायचं नाही. ‘आपली ऊर्जा कार्यक्षमता सुधारायला हवी’ हे वाक्य कोणालाही कुठेही नेत नाही. ‘सुट्टीच्या दिवशी प्लांट बंद असतो, तरी कॉम्प्रेसर मधूनमधून का सुरू होतो?’ या वाक्याने मला मेंटेनन्सच्या फोरमनकडे नेलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की दोन वर्षं कोणीतरी हे विचारेल म्हणून वाट बघत होते. काही न बोलता त्यांनी एका बाटलीत साबणाचं पाणी कालवलं, जुना ब्रश घेतला आणि मला शेडच्या मागच्या बाजूला नेलं. प्लांट बंद होता, म्हणून ऐकू येत होतं: सूऽऽ असा बारीक, सलग आवाज. पाइपच्या जोडावर त्यांनी ब्रश फिरवला. आधी काहीच नाही, मग फेसाचा एक फुगा धरला, फुटला, लगेच दुसरा. "ही हवा," ते म्हणाले, "हिला दाबायला वीज लागते आणि ती इथून बाहेर जाते. असे एकोणीस जोड आहेत. मी मोजलेत." देखभाल नीट नसेल तर कॉम्प्रेसरने तयार केलेल्या हवेपैकी २० ते ३० टक्के नुसत्या गळतीत जाऊ शकते, हे मी नंतर वाचलं. त्यांनी ते वाचलं नव्हतं, ऐकलं होतं.

एकोणीस जोडांची यादी त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली. पुढच्या मीटिंगमध्ये मी स्लाइड लावली नाही. त्या कागदाचा फोटो लावला आणि त्यांनाच बोलायला सांगितलं. प्रॉडक्शनच्या प्रमुखांनी एकच विचारलं, "बंद किती वेळ ठेवावं लागेल?" हा खरा प्रश्न होता आणि त्याला उत्तर होतं.

तुम्ही जो मुद्दा मांडायला निघाला आहात, तो आधीच माहीत असलेला माणूस तुमच्या इमारतीत बहुतेक वेळा असतो. त्याने तो एकदा सांगितलेलाही असतो आणि कोणी ऐकलेलं नसतं. मीटिंगआधी त्याला शोधा. आणि श्रेय त्याच्या नावावर जाऊ द्या, नाहीतर पुढच्या वेळी बाटलीही निघणार नाही आणि ब्रशही.

शंका घेणारा शत्रू नसतो

उत्सर्जनाच्या हिशेबासाठी मी डिझेलचे आकडे गोळा करत होते. जनरेटर, फोर्कलिफ्ट, कंपनीच्या गाड्या. एक लिटर डिझेल जळलं की साधारण २.६ ते २.७ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, असं मी सांगितलं. स्टोअरमधला एकजण म्हणाला, "मॅडम, एक लिटर डिझेलचं वजनच एक किलो भरत नाही. मग अडीच किलो वायू निघतो कुठून?"

दोनजण गालातल्या गालात हसले. मी चिडले, कारण मला वाटलं हा ‘हे सगळं थोतांड आहे’ गटातला. तोंडापर्यंत आलेलं उत्तर गिळलं, हे माझं नशीब. संध्याकाळी कागदावर मांडून बघितलं आणि दुसऱ्या दिवशी त्याला दाखवलं. डिझेलमध्ये बहुतांश वजन कार्बनचं. जळताना प्रत्येक कार्बन अणू हवेतले दोन ऑक्सिजन अणू उचलतो, त्यामुळे १२ वजनाच्या जागी ४४ वजन होतं. जास्तीचं वजन हवेतून आलेलं असतं. तो म्हणाला, "मग टाकीत नाही, हवेत मोजायचं." इतक्या कमी शब्दांत मला ते कधी सांगता आलं नसतं. आज डिझेलच्या नोंदी सगळ्यात नीट कोण ठेवत असेल तर तोच.

तर, खवचट वाटणाऱ्या प्रश्नाला आधी खरा प्रश्न समजून उत्तर द्या. दहातले दोन निव्वळ खवचट निघतील. त्यांच्याशीही वाद जिंकायला जाऊ नका. ‘हे सगळं फॅड आहे’ असं म्हणणाऱ्याला मी विचारते, "समजा उद्या रिपोर्ट मागणारं कोणी उरलं नाही. तरी आपण चालू ठेवावी अशी यातली एखादी गोष्ट आहे का?" जवळजवळ प्रत्येकाकडे एखादी असते. कोणी आगीच्या दाराचं नाव घेतं, कोणी कंत्राटी कामगारांच्या ओव्हरटाइमचं. बोलणं तिथून सुरू करा. त्याचं जगाविषयीचं मत काय आहे याच्याशी तुम्हाला काही देणंघेणं नाही.

(अति उत्साही माणसांचा त्रास मला याहून जास्त झालाय. दुसऱ्याच्या टेबलावरचा कागदी कप बघून टोमणा मारणारा एकजण मजल्यावर असला की महिनाभराची मेहनत पाण्यात जाते. त्याला हळूच बाजूला घ्या आणि एखादं मोजायचं काम द्या. मोजायला लागला की माणूस आपोआप मवाळ होतो.)

आकडा टेबलावर ठेवताना

आकड्यावरून भांडण होतं तेव्हा बऱ्याचदा दोघंही खरं बोलत असतात. प्रॉडक्शन म्हणतं, ‘प्रत्येक नगामागे उत्सर्जन १० टक्क्यांनी कमी केलं.’ मी म्हणते, ‘एकूण उत्सर्जन वाढलंय.’ उत्पादन २० टक्क्यांनी वाढलं असेल तर एकूण उत्सर्जन ८ टक्क्यांनी वाढतं. दोन्ही वाक्यं बरोबर. म्हणून ‘तुमचा आकडा चुकलाय’ असं म्हणायच्या आधी विचारा, ‘आपण दोघं एकच गोष्ट मोजतोय ना?’ या एका वाक्याने माझी निम्मी भांडणं वाचली आहेत.

उत्सर्जन कुठपर्यंतचं मोजायचं, त्या हद्दीचंही तेच. स्कोप एक म्हणजे आपल्या आवारात आणि आपल्या गाड्यांत जे जळतं ते, स्कोप दोन म्हणजे विकत घेतलेली वीज आणि वाफ, आणि स्कोप तीन म्हणजे कच्च्या मालापासून ग्राहकाने वस्तू वापरून फेकेपर्यंतचं बाकी सगळं. ही विभागणी ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल या उत्सर्जन मोजण्याच्या नियमावलीची, जगभर तीच चालते. बहुतेक उद्योगांत सगळ्यात मोठा ढीग तिसऱ्या कप्प्यात असतो आणि तो आपल्या हातात सगळ्यात कमी असतो. खरेदीवाल्यांशी बोलताना हे आधीच मान्य करा. मी त्या खुर्चीत बसलेली आहे. व्हेंडरला शंभर प्रश्नांची एक्सेल शीट पाठवायला लावणाऱ्या माणसाबद्दल मनात काय येतं, ते मी इथे लिहीत नाही. शंभर प्रश्नांऐवजी तीन विचारा आणि उत्तरांचं पुढे काय करणार आहात तेही सांगा.

मार्केटिंगशी बोलण्याचा प्रकार वेगळा. त्यांना खोक्यावर ‘पर्यावरणपूरक’ छापायचं असतं. ‘हे ग्रीनवॉशिंग आहे’, म्हणजे पर्यावरणाचा नुसता देखावा आहे, असं म्हटलं की दार बंद. मी दोनच गोष्टी विचारते: कशाच्या तुलनेत? आणि उद्या एखाद्या ग्राहकाने पुरावा मागितला तर आपण त्याला कोणता कागद देऊ? एकदा या प्रश्नावर पंधरा मिनिटं कोणी बोललं नाही, आणि मग त्यांनी स्वतःच तो शब्द काढून ‘खोक्यात ६० टक्के पुनर्वापरित कागद’ असं केलं. ते खरं होतं, आणि दिसायलाही वाईट दिसत नव्हतं.

माणसांबद्दल बोलताना

इथे सगळ्यात जास्त जपायला हवं, कारण इथे बोलणाऱ्याचं नुकसान होऊ शकतं.

वार्षिक सर्वेक्षणात कंत्राटी महिला कामगारांचं समाधान उत्तम आलं होतं. मला पटेना. मी लाइनवर गेले, सुपरवायझर शेजारी उभे होते, आणि ‘काही अडचण?’ असं विचारलं. सगळ्या म्हणाल्या, नाही. असं विचारणं म्हणजे न विचारणंच. पुढच्या आठवड्यात शिफ्ट सुटताना एकटी गेले, वही घेतली नाही आणि फक्त म्हटलं, "मला तुमचा दिवस सांगा, सकाळपासून." एक जण म्हणाली, "ताई, दुपारनंतर आम्ही पाणी पीत नाही." का, असं विचारल्यावर आधी हसल्या. मग कळलं, बायकांचं स्वच्छतागृह दुसऱ्या इमारतीत, जाऊन यायला बारा मिनिटं, आणि लाइन सोडायला मिळतात आठ.

बारा आणि आठ. सर्वेक्षणाच्या चाळीस प्रश्नांत हे दोन आकडे कुठेच नव्हते.

यातून तीन पथ्यं मी पाळते. वरिष्ठांसमोर विचारायचं नाही. ‘मी करून देते’ असं म्हणायचं नाही. ‘मी हे कोणाला सांगणार आहे आणि तुम्हाला परत कधी येऊन सांगणार आहे’ एवढंच म्हणायचं, आणि उत्तर ‘नाही’ असलं तरी त्या तारखेला जायचं. आणि कोणी सांगितलं ते वर जाऊ द्यायचं नाही. वर नेताना मी सुपरवायझरचं नावही घेतलं नाही. ‘जाऊन यायला बारा मिनिटं लागतात, सुट्टी आठ मिनिटांची आहे’ इतकंच म्हटलं. कोणाला दोष दिला असता तर चर्चा त्या माणसावर गेली असती आणि स्वच्छतागृह तिथेच राहिलं असतं.

कारभार, म्हणजे अवघड जागेचं दुखणं

माझी सगळ्यात लाजिरवाणी चूक इथली. एका व्हेंडरचं आडनाव आणि मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याचं आडनाव एकच होतं. मी भर मीटिंगमध्ये म्हटलं, "यात हितसंबंध दिसतोय." खोलीत एकदम शांतता. नातं खरंच होतं. पण त्या अधिकाऱ्याने ते आधीच लेखी कळवलं होतं, स्वतःला त्या निर्णयातून बाजूला केलं होतं, आणि सही दुसऱ्याची होती. फाइल मी उघडलीच नव्हती. मी त्यांची माफी मागितली, त्याच लोकांसमोर, पुढच्या मीटिंगमध्ये. आरोप जितक्या लोकांसमोर केला तितक्यांसमोरच तो मागे घ्यावा लागतो. खाजगीत ‘सॉरी’ म्हणून भागत नाही.

तेव्हापासून बोलण्याआधी कागदावर एक रेघ मारते. डावीकडे मी काय पाहिलं, उजवीकडे मी काय समजले. ‘दोन आडनावं एक आहेत’ हे डावीकडे. ‘वशिला आहे’ हे उजवीकडे. मीटिंगमध्ये फक्त डावी बाजू वाचायची आणि विचारायचं, ‘याचा खुलासा कुठे बघायला मिळेल?’

सिद्ध करण्याचं ओझं कोणावर पडतंय, तेही बघा. २७ जानेवारी १९८६ च्या रात्री अमेरिकेच्या चॅलेंजर अंतराळयानाचे बूस्टर (उड्डाणाला जोर देणारी रॉकेट्स) बनवणाऱ्या कंपनीचे अभियंते सांगत होते, की इतक्या थंडीत सांधे बंद ठेवणाऱ्या रबरी कड्यांचा, म्हणजे ओ-रिंगचा, भरवसा देता येत नाही, उड्डाण पुढे ढकला. त्यांच्याकडे संपूर्ण पुरावा नव्हता, काळजी होती आणि काही आलेख होते. एरवी ‘सुरक्षित आहे’ हे दाखवावं लागे. त्या रात्री ‘असुरक्षित आहे’ हे दाखवण्याची पाळी त्यांच्यावर आली. कंपनीच्या वरिष्ठांनी शेवटी होकार दिला. दुसऱ्या दिवशी उड्डाणानंतर ७३ सेकंदांत यान तुटलं आणि सातही अंतराळवीर गेले. आपल्या मीटिंगमध्ये ‘धोका आहे हे सिद्ध करून दाखवा’ असं वाक्य आलं, की मी शांतपणे विचारते, "धोका नाही, हे आपण कशावरून म्हणतोय?" आवाज चढवायचा नाही. पण उत्तर मीटिंगच्या इतिवृत्तात लिहून घ्यायचं.

जिथे चर्चा करायचीच नाही

प्रत्येक गोष्ट समजुतीने घेण्यासारखी नसते. बांगलादेशातल्या राणा प्लाझा इमारतीला २३ एप्रिल २०१३ ला तडे दिसले. खालच्या मजल्यांवरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या कापड कारखान्यांतल्या कामगारांना दुसऱ्या दिवशी कामावर बोलावलं गेलं. इमारत कोसळली, ११०० हून अधिक माणसं मेली. भिंतीला तडा दिसल्यावर रचनात्मक संवाद करायचा नसतो. माणसं बाहेर काढायची असतात.

जिवाला धोका, लाच, मुद्दाम बदललेले आकडे, लैंगिक छळ, तक्रार केली म्हणून झालेला त्रास, या गोष्टी घेऊन कोणाच्या टेबलापाशी ‘जरा बोलायचं होतं’ म्हणून जाऊ नका. ठरलेल्या अधिकृत मार्गाने, लेखी, तारखेसह जा. तो मार्ग कसा असावा याचा अंदाज हवा असेल तर युरोपीय संघाचा २०१९ चा जागल्या-संरक्षण (आतला गैरप्रकार उघड करणाऱ्याच्या संरक्षणाचा) कायदा बघा: तक्रार मिळाल्याची पोच सात दिवसांत, आणि काय केलं याचं उत्तर पोच दिल्यापासून तीन महिन्यांत. तुम्ही कुठेही असा, आपल्या कंपनीच्या धोरणात असे दोन आकडे आहेत का ते शोधा. नसतील तर ते का नाहीत, हा मात्र मीटिंगमध्ये विचारण्यासारखा उत्तम प्रश्न आहे.

बोलून झाल्यावर

चर्चा चांगली झाली म्हणून खूश होऊन घरी गेलात तर सोमवारी प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी मीटिंग असते. मी त्याच दिवशी एक छोटी मेल टाकते. काय पाहिलं, काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. आणि शेवटी एक ओळ: ‘न ठरलेलं’. ही ओळ मी नंतर शिकले. जे ठरलं नाही ते लिहिलं नाही, तर ते कधी निघालंच नव्हतं असं होऊन जातं. ही ओळ बघून साहेब पहिल्यांदा म्हणाले, "हे कशाला?" मी म्हटलं, "विसरायला नको म्हणून." त्यावर ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या वेळी मीटिंग सुरू केली ती त्याच ओळीपासून.

हवेचे जोड सहा आठवड्यांत बदलले गेले. लाइनजवळच्या स्वच्छतागृहाला चौदा महिने लागले. आधी जागा नव्हती, मग बजेट नव्हतं, मग ड्रेनेजची लाइन कोणी काढायची यावर दोन विभागांत पत्रापत्री चालली. ते उघडलं त्या दिवशी मी बघायला गेले. दिवे होते, पाणी होतं, आतून कडी नव्हती. परत येऊन मेल लिहिली. न ठरलेलं: कडी.